इझूच्या समुद्रात भूमध्यसागरी पाहुणा

आठ वर्षं जपानमध्ये राहून ज्याच्या पोटात माशाचा कणही गेलेला नाही, असा ग्योतोकू स्टेशनच्या अलीकडचा एकमेव माणूस म्हणजे मी, चारुदत्त! पलीकडे कुणी असेल तर माहीत नाही. या देशात मासा कुठे नसतो ते विचारा. सुपात असतो, सॉसमध्ये असतो, अगदी साध्याभोळ्या दिसणाऱ्या पालकाच्या भाजीवरही भुरभुरलेला असतो. पण मी पक्का! पाकिटावर जपानीत 'मासा', 'मांस' आणि 'अंडं' कसं लिहितात ते मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं. तेव्हापासून आमच्या घरात एकही पाकीट माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आलेलं नाही. नव्यानं आलेली पुण्याची पोरं दुकानात उभी राहून मला पुड्यांचे फोटो पाठवतात, 'काका, हे चालेल का?' मी चष्मा कपाळावर सरकवून बघतो आणि निकाल देतो. माझ्या निकालावर अपील नाही!

माझी बायको विभा वेंगुर्ल्याची. म्हणजे पाळण्यात असल्यापासून मासे खाणारी. पण लग्नाआधी तिनं मला शब्द दिला होता की आपल्या घरात मासा शिजणार नाही. आणि बिचारीनं तो पाळला हो! मी चारचौघांत तिचं कौतुक करतो तेव्हा ती खाली बघते. मला वाटायचं, लाजते.

सुपरमार्केटमध्ये भाजीकडून दुधाकडे जाताना माशांचा काउंटर लागतो. तिथून मी श्वास रोखून, छताकडे बघत जातो. त्या दुकानाच्या छताला किती दिवे आहेत ते मला विचारा, अठ्ठावीस. काउंटरवर काय असतं ते मात्र विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, माशांशी इतकं वाकडं असलेला माणूस समुद्रात उतरतोच कशाला? अहो, माझं वाकडं माशांशी नाही, त्यांच्या कालवणाशी! जिवंत मासा मला फार आवडतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर व्यायाम करा म्हणाले. पळायला लागलो तर गुडघे बोलायला लागले. मग मी स्कूबा डायव्हिंग शिकलो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे निघायचं, तोझाई लाइननं टोकियोकडे, तिथून गाडी बदलून इझू. तिथे निशिमुरा-सान नावाच्या साठीच्या बाई मला पाण्यात नेतात. बाई जमिनीवर जेवढं बोलतात तेवढंच पाण्याखालीही बोलतात, म्हणजे जवळजवळ नाहीच.

मासे ओळखायला माझ्याकडे पाण्यात न भिजणारं एक कार्ड आहे. दोन्ही बाजूंना चित्रं आणि खाली नावं. ऑफिसातला एक इटालियन सहकारी मायदेशी जाताना ते मला देऊन गेला. वर मोठ्या अक्षरांत 'भूमध्य समुद्रातले मासे' असं इंग्रजीत लिहिलंय. डायव्हिंगच्या दुकानात जपानी माशांचं कार्डही होतं. पण ते जपानीत. त्यातलं मला 'मासा' एवढंच वाचता आलं असतं, आणि तो तर प्रत्येक चित्रात दिसतच होता! शिवाय समुद्र सगळे एकमेकांना जोडलेलेच असतात, असा मी विचार केला. दोन वर्षांत त्या कार्डावरचा एकही मासा मला दिसला नाही. दोष मी माझ्या चष्म्याच्या नंबराला देत होतो.

आणि मग ऑगस्टचा पहिला शनिवार उजाडला.

दहा मीटर खोल होतो. पाणी शांत, स्वच्छ. मी एका खडकाजवळ तरंगत होतो, तेवढ्यात समोरून एक मासा आला. चांगला वीतभर लांब. चांदीसारखं अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे! घाबरला नाही, पळाला नाही. सरळ माझ्या मास्कपाशी आला, आत डोकावून बघितलं आणि माझ्या हातमोज्याला हळूच चावला. मी कार्ड काढलं. वरून तिसरी ओळ, उजवीकडून दुसरा. चांदीसारखं अंग, उभे काळे पट्टे. नाव, झेब्रा सीब्रीम!

माझ्या छातीत एवढं धडधडलं की टाकीतली हवा भसाभसा संपायला लागली. भूमध्य समुद्रातला मासा जपानमध्ये! मी निशिमुरा-सानना खांद्याला धरून वळवलं. कार्डावरचं चित्र दाखवलं, मासा दाखवला, पुन्हा चित्र दाखवलं. त्यांनी चित्र बघितलं, मासा बघितला, माझ्या हवेचा काटा बघितला आणि अंगठा-बोट जुळवून 'ओके?' अशी खूण केली. डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ 'तुम्ही ठीक आहात ना?' एवढाच. मी तो 'शोधाला मान्यता' असा घेतला! मग चौदा फोटो काढले. मासा एखाद्या लग्नातल्या काकूंसारखा प्रत्येक फोटोत समोर येऊन उभा राहत होता.

संध्याकाळी घरी आलो. घरात उदबत्तीचा दरवळ, बाल्कनीचं दार सताड उघडं. माझ्या डायव्हिंगच्या शनिवारी घर नेहमी असंच असतं. विभा दिवसेंदिवस धार्मिक होत चाललीय असं मी समजत होतो.

"आधी टीव्हीसमोर बसा दोघी!" मी फोटो लावला. "ओळखा!"

आमची कन्या राधिका पाचवीत. तीन वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे बोलते जपानीत आणि रागावते मराठीत. तिनं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ए? कोरे..." म्हणजे 'अरे? हा तर...'

"राधिका, आधी जेवून घे!" विभानं तिच्या ताटात भेंडीची भाजी वाढली. चांगली तीन डाव.

"भूमध्य समुद्रातला मासा आहे हा," मी जाहीर केलं. "झेब्रा सीब्रीम. जपानमध्ये बहुतेक पहिल्यांदाच दिसलाय. कुणाला? तुमच्या बाबाला!"

"अरे चारू," विभा जपून म्हणाली, "खात्री आहे ना तुझी? म्हणजे इथलाच कुठलातरी असला तर?"

"तू वेंगुर्ल्याची असलीस तरी हा मासा तुझ्या ओळखीचा नाही, विभा!"

राधिका आईकडे बघत होती आणि आई भाताच्या कुकरकडे.

जेवण झाल्यावर दोघींची आतल्या खोलीत काहीतरी कुजबुज झाली. मग राधिका वही आणि स्टॉपवॉच घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. इथल्या शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक मुलाला स्वतःच्या मनानं विषय निवडून एक संशोधन करावं लागतं. कुणी बीटल पाळतं, कुणी बर्फ किती वेळात वितळतो ते बघतं.

"बाबा, मी ह्याच्यावर करणार. तुझी मुलाखत पाहिजे."

मराठीत! अख्खं वाक्य! तुम्हाला त्याचं काय वाटणार म्हणा. पण माझं आणि राधिकाचं रोजचं बोलणं असं असायचं. मी विचारायचो, "शाळा कशी होती?" ती म्हणायची, "फुत्सू," म्हणजे नेहमीसारखी. मी विचारायचो, "जेवलीस?" ती म्हणायची, "उन," म्हणजे हो. संपलं. मी शब्द शोधेपर्यंत ती आपल्या खोलीत गेलेली असायची. आणि आता तीच पोरगी माझ्यासमोर पेन्सिलीला टोक काढून बसली होती. मला त्या माशाचे पाय धरावेसे वाटले, त्याला असते तर!

पुढचे सव्वीस दिवस तिनं मला रोज प्रश्न विचारले. "मासा दिसला की तू आधी काय बघतोस?" "तुझी खात्री दहापैकी किती?"

"दहापैकी अकरा!"

तिनं शांतपणे अकरा लिहिले. एकदा विचारलं, "आणि पाकिटावर मासा आहे की नाही हे तू कसं ओळखतोस?" हे जरा विषयाला सोडून होतं, पण संशोधकानं चौफेर असावं. मी माझं लाडकं पाकीट आणलं. सोया सॉसमध्ये भाजलेल्या तांदळाच्या चकत्या, सेंबेई. रोज संध्याकाळी चहाबरोबर दोन, आठ वर्षं न चुकता. "हे बघ, या बारीक यादीत कुठेही 'मासा' आहे का? नाही! म्हणजे शुद्ध." राधिकानं यादी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा यादी वाचली आणि खूप वेळ लिहीत बसली.

इकडे ऑफिसात मला सकाळच्या बैठकीत तीन मिनिटं बोलायला सांगितलं. मी अकरा मिनिटं बोललो. सगळ्यांनी "ओओओ!" केलं आणि टाळ्या वाजवल्या. आमचे मॅनेजर कुरोदा-सान फार सौम्य गृहस्थ. ते म्हणाले, "इशिदाई नावाचा आमचा एक मासा आहे, त्याच्यासारखाही थोडासा दिसतो, नाही का?"

"थोडासा दिसतो," मी मोठ्या मनानं म्हणालो. "पण ओठ बघा, कुरोदा-सान! ओठ!"

कुरोदा-सान बराच वेळ माझ्या माशाच्या ओठांकडे बघत राहिले. मग "नारुहोदो, असं होय," म्हणून चहा आणायला गेले. मला वाटलं, पटलं!

घरी आल्यावर राधिकानं विचारलं, "आज कुणी शंका घेतली का?"

"कुरोदा-साननी घेतली. पण आता माझी खात्री दहापैकी बारा!"

तिनं बारा लिहिले.

मग मी एका संग्रहालयाला ईमेल पाठवला. चौदा फोटो, नकाशा, आणि नोंद करताना माझं आडनाव कसं लिहायचं याची सूचना. उत्तर यायला पाच आठवडे लागले. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ते आलं. लांबलचक होतं, अतिशय नम्र जपानीत. भाषांतर करणाऱ्या ॲपनं सांगितलं की आमच्या समुद्रावरच्या तुमच्या प्रेमाबद्दल आभार, आता हवेत गारवा येऊ लागला आहे, प्रकृतीची काळजी घ्या. मधल्या दोन परिच्छेदांचं काही कळेना. मी कुरोदा-सानना वाचायला दिलं.

त्यांनी वाचलं आणि दातांतून श्वास आत ओढला. "स्स्स्स..."

आठ वर्षांत मी हा आवाज तीनदा ऐकला होता, आणि तिन्ही वेळा अख्खं प्रोजेक्ट बुडालं होतं!

"चारु-सान," ते म्हणाले, "आज घरी जाताना सुपरमार्केटवरून जाणार का?"

"जाणार आहे."

"माशांच्या काउंटरशी जरा..."

"मी शाकाहारी आहे, कुरोदा-सान."

"हो, हो. नुसतं बघा."

गेलो. भाजीचा भाग ओलांडला, सवयीनं मान वर गेली, ती मी खाली आणली. आणि बर्फावर, लिंबाच्या फोडीशेजारी, माझा शोध आडवा पडला होता! चांदीसारखं अंग, उभे काळे पट्टे. एक नाही, चार! पाटीवर जपानीखाली इंग्रजी अक्षरांतही नाव लिहिलेलं, ते मी बोट ठेवून ठेवून वाचलं. इ-शि-दा-ई. आठ वर्षं मी ह्याच्या डोक्यावरचे दिवे मोजत होतो.

ताडून बघायला मी फोन काढला. काउंटरवरच्या रबरी ॲप्रनवाल्या बाईंनी फोनच्या पडद्यावरचा विभा-राधिकाचा फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, राधिका-चानचे बाबा! तुम्ही पहिल्यांदाच आलात! महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमच्या ओकुसान, विभा-सान, नेहमी हाच नेतात. राधिका-चानला डोकं आवडतं ना!"

मी वाकून नमस्कार केला. त्याही वाकल्या. मी पुन्हा वाकलो.

घरी आलो. विभा कणीक मळत होती.

"विभा, मी सुपरमार्केटमध्ये गेलो होतो."

"दूध आणलंस?"

"माशांच्या काउंटरवर गेलो होतो."

विभाचा हात थांबला. मग ती म्हणाली, "घरात नाही शिजवला, चारू. बाल्कनीत शिजवला."

तिनं शब्द अक्षरशः पाळला होता. उदबत्त्यांचा आणि सताड उघड्या दाराचा उलगडा झाला. पण खरं सांगू? त्या क्षणी मला ना बाल्कनीचं काही वाटलं, ना संग्रहालयाचं. दुसऱ्या दिवशी शनिवारी राधिकाच्या शाळेत पालकांनी येऊन वर्ग बघायचा दिवस होता, आणि तिथे ती आपलं संशोधन मांडणार होती. ज्यांच्या घरी हा मासा रात्रीच्या जेवणाला असतो त्या बत्तीस पोरांसमोर माझी पोरगी उभी राहून सांगणार, माझ्या बाबांनी भूमध्य समुद्रातला मासा शोधला! सगळी हसतील. आणि त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलणार नाही. सव्वीस दिवसांत जे मिळालं होतं ते सगळं जाणार!

"तुला माहीत होतं ना!" मी विभाला म्हणालो. "मग तिला अडवलं का नाहीस?"

"ती बघेल तिचं," विभा म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

मी राधिकाच्या दारात गेलो. ती दप्तर भरत होती.

"राधिका, तो मासा... म्हणजे विज्ञानात कधीकधी..."

"दाइजोबु, बाबा." काळजी करू नकोस.

"तुझं पोट दुखत नाही ना? दुखत असेल तर उद्या शाळेला दांडी मारलीस तरी मी—"

"बाबा." तिनं दप्तराची चेन लावली. "उद्या ये तू. नक्की ये."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला शाळेत बोलावलं होतं, आणि तेही या कामासाठी.

शनिवारी गेलो. इथे शाळेत बूट बाहेर काढून पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घालाव्या लागतात. त्या माझ्या पावलाच्या निम्म्याच होत्या. टाचा फरशीवर टेकवत मी वर्गात मागे जाऊन उभा राहिलो. शेजारी विभा, कानात भाषांतर करायला. ठरवलं होतं की पोरं हसायला लागली की पुढे जायचं आणि सांगायचं, चूक माझी आहे, तिची नाही. जपानीतलं वाक्य पहाटेपासून पाठ केलं होतं.

राधिकाचं नाव पुकारलं. ती पुढे गेली आणि तिनं फळ्यावर मोठा कागद लावला. मधोमध वेटसूट घातलेला माझा फोटो! वर ठळक अक्षरांत शीर्षक. विभा कानात म्हणाली, "'माणूस मासा कसा ओळखतो? निरीक्षणाचा विषय: माझे बाबा, वय चव्वेचाळीस.'"

"काय?"

"श्श्! ऐक."

राधिका खणखणीत आवाजात वाचत होती. हा मासा इशिदाई आहे हे मला आणि आईला पहिल्याच दिवशी कळलं, कारण आम्ही तो खातो. बाबांना कळलं नाही, कारण त्यांनी आधी कार्ड बघितलं आणि मासा नंतर. दोन माशांची चित्रं शेजारी शेजारी काढली होती, दातांतला फरक रंगवून दाखवला होता. मग एक आलेख. कुणी शंका घेतली की बाबांची खात्री कमी होते का? नाही, वाढते! रेघ दहापैकी अकरावरून निघाली, कुरोदा-साननंतर बारावर गेली आणि संग्रहालयाला पत्र पाठवल्याच्या दिवशी कागद संपला म्हणून वर दुसरा चिकटवला होता.

वर्ग खिदळत होता. बाईंनी तोंडासमोर फाइल धरली होती. पुढे उभे असलेले सगळे पालक मागे वळले आणि माझ्याकडे बघून अदबीनं वाकले. मीही वाकलो. पाठ केलेलं वाक्य वायाच गेलं.

"निष्कर्ष," राधिका म्हणाली. वर्ग शांत झाला. "सुट्टीच्या आधी बाबा आणि मी रोज सरासरी चार मिनिटं बोलायचो. संशोधन सुरू झाल्यावर सदतीस मिनिटं. मी खरं लगेच सांगितलं असतं तर संशोधन पहिल्याच दिवशी संपलं असतं. म्हणून सांगितलं नाही."

विभाचं भाषांतर अर्ध्यातच थांबलं होतं. पण तेवढं जपानी मला कळलं. चष्मा पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा मी शर्टानंच पुसला.

मग प्रश्नोत्तरं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "तुझ्या बाबांनी खरंच कधीच मासा खाल्लेला नाही?"

मी छाती पुढे काढली. एवढं तरी माझं होतं!

राधिकानं माझ्याकडे बघितलं. मग दप्तरातून माझ्या लाडक्या सेंबेईचं पाकीट काढलं.

"बाबांना तसं वाटतं," ती म्हणाली. "ते यादीत फक्त 'मासा' शोधतात. पण पाकिटावर नुसतं 'मासा' असं कुणीच लिहीत नाही, माशाचं नाव लिहितात. इथे लिहिलंय, कात्सुओचा अर्क. बाबा मासे समुद्रात ओळखत नाहीत आणि पाकिटातही नाहीत."

"एएए!" बत्तीस पोरं एकदम माझ्याकडे वळली.

आठ वर्षं. रोज संध्याकाळी दोन.

त्या संशोधनाला पहिलं बक्षीस मिळालं. महिनाभर ते आमच्या भागातल्या सभागृहात लावलं होतं, कुरोदा-सान सहकुटुंब येऊन बघून गेले आणि माझ्या फोटोशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. निशिमुरा-साननी मला जपानी माशांचं कार्ड भेट दिलं. राधिका रोज मला त्यातली पाच नावं वाचायला शिकवते. काल आमचं बोलणं एकेचाळीस मिनिटं झालं. हो, ती अजून मोजते. पहिल्या शनिवारी मी इझूहून परत येतो तेव्हा आता उदबत्ती नसते. मायलेकी मजेत इशिदाई खातात आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भेंडी खात त्यांच्या गप्पा ऐकतो.

आणि चहाबरोबर? आहेत, त्याच आहेत. आठ वर्षांची सवय अशी एकदम सुटते होय! पुण्याची पोरं अजूनही पुड्यांचे फोटो पाठवतात, 'काका, हे चालेल का?' मी सेंबेई चहात बुडवतो आणि एका हातानं उत्तर लिहितो, 'बाळांनो, मला जपानी वाचता येत नाही!'